आखाजी ते आखाजी : तुमच्या घराचं वर्ष कसं गेलं?

तापीकाठची_लेक | ४ मे २०२५, रात्री १०.४०

राम राम मंडळी,

डिसेंबरात सगळे सरत्या वर्षाचा हिशोब मांडत बसतात पण आमच्या घरात वर्ष ३१ डिसेंबरला संपतच नाही, ते आखाजीला संपतं. बाहेरच्यांसाठी सांगते, खान्देशात सालदाराचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं) साल आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला फिटतं, त्या दिवशी उचल (आधी घेतलेले पैसे) वजा करून जुना हिशोब चुकता आणि नव्या सालाची बोलणी सुरू. त्यामुळे आप्पांची (वडिलांची) हिशोबाची चोपडी पण आखाजी ते आखाजीच चालते. मागची आखाजी १० मे २०२४ ला होती, यंदाची परवा ३० एप्रिलला झाली. मी नाशिकला असते, आखाजीला माहेरी यावल तालुक्यात आलेय. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस खाऊन जरा पडावं म्हटलं तर आप्पांनी चोपडी माझ्या पुढ्यात टाकली, म्हणे तू वाच मी टोटल मारतो, माझा चष्मा बरोबर नाही. म्हणून हा धागा. माझं सांगते, मग तुमचं सांगा.

सुरुवातच खराब. मृग लागायच्या आधी एका संध्याकाळी वादळ आलं, पाऊस नावालाच पण वारा असा की गोठ्याचे पत्रे शेजारच्या वावरात सापडले. नवती (नव्या लागवडीची) केळी उभी होती, घड निसवून भरत आलेले, म्हणजे झाडाचं सगळं वजन वरती, अशा वेळी झाड मधून मोडतं नाहीतर बुडासकट आडवं होतं. सकाळी भाऊने व्हिडिओ कॉलवर बाग दाखवली, सगळ्या ओळी एकाच दिशेला झोपलेल्या, आणि तो काहीच बोलत नव्हता नुसता फोन फिरवत होता. कच्च्या घडाला व्यापारी हात पण लावत नाही. विमा होता, तो हवामान आधारित फळपीक विमा, पण त्यात वाऱ्याचा वेग मोजतात महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर, आपल्या बांधावर नाही. तिथे म्हणे वारा तेवढा नव्हताच. ७२ तासांच्या आत कळवलेलं, पंचनामा झाला, फोटो झाले, सह्या झाल्या. पैसे अजून यायचेत.

आणि त्याच रात्री वहिनीला कळा. लाईट नाही, रस्त्यावर निंबाची फांदी पडलेली, सालदारदादांनी बॅटरीच्या उजेडात कुऱ्हाडीने ती तोडली तेव्हा रिक्षा निघाली. पहाटे मुलगी झाली, वजन चांगलं, दोघी सुखरूप. आता चोपडीत त्या दोन दिवसांचं काय लिहिलंय तर : पत्रे, खोड तोडणी मजुरी, दवाखाना, पेढे ५ किलो. नात कुठेच नाही! मी म्हटलं आप्पा हे काय, तर म्हणे चोपडीत खर्च लिहितात. बरं.

पडलेल्या बागेतली पिलं (बुडाला फुटलेले कोंब) धरली. नवीन लागवडीचे पैसे नव्हते हे खरं कारण, पण त्या पिलबागेनेच पुढे सांभाळून घेतलं, मार्चपासून कापणी सुरू झाली आणि भाव पण बरा सापडला. भाऊ म्हणतो नशीब, वहिनी म्हणते नशीब कसलं, अख्खा पावसाळा तू चिखलात होतास.

मग श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी. हे जरा सविस्तर लिहिते कारण वर्षातली खरी गोष्ट हीच आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, ११ ऑगस्टला होती. रोटाचे (देवीच्या नैवेद्याचे) गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. आमचे काका वाटणीनंतर वेगळे झालेत, विहिरीच्या पाइपलाइनवरून आप्पांशी बोलणं बंद, त्यामुळे मधली काही वर्षं त्यांच्या नावाची मूठ आमच्या सुपात नसायची, ते त्यांचा रोट वेगळा करायचे. यावेळी आमची माय (आजी, आप्पांची आई) गहू घ्यायला बसली, आप्पा, भाऊ, भाऊचा मुलगा अशी नावं घेतली आणि न थांबता काकांचं नाव घेऊन मूठ टाकली, मग चुलतभावांची. आप्पा ओट्यावर होते, त्यांना ऐकू गेलं, काही बोलले नाहीत. मग मायने वहिनीच्या मांडीवरच्या पोरीकडे बघितलं आणि अजून एक मूठ. काकू म्हणजे आईची जाऊबाई नाही, दुसऱ्या भाऊबंदांतली, ती म्हणाली माय पोरीची मूठ नसते. माय म्हणे, "लगन होईपर्यंत तं आपलीच ना." आणि वरची पाव मूठ अशी दाबून घेतली की सुपाबाहेर सांडली. काका जेवायला आले नाहीत. पण सोमवारी विसर्जनाला त्यांची बायको, आमच्या सख्ख्या काकू, आल्या आणि नाचल्या पण.

दिवाळीच्या आधी ताईचं (माझी धाकटी बहीण, घरात सगळे तिला ताईच म्हणतात) जमलं. मुलगा जळगावचा, छान आहे. आईने धनत्रयोदशीलाच सोनं घ्यायचं काढलं, तेव्हा तोळा ८० हजाराच्या आसपास. आप्पा म्हणे थांब, निवडणूक झाली की उतरेल. आईने ऐकलं नाही, तिच्याकडे लाडक्या बहिणीचे पाच हप्ते म्हणजे साडेसात हजार होते, भिशी होती, आणि कुठून कुठून काढलेलं. ते काही चोपडीत नाही. सगळं सोनं एकदम नाही झालं पण पोत आणि कानातलं झालं. एप्रिलमध्ये लग्नाच्या ऐन तोंडावर भाव लाखाला टेकला तेव्हा आई काही बोलली नाही, नुसती रोज सकाळी आप्पांना पेपरातला भाव मोठ्याने वाचून दाखवायची.

डिसेंबरात आप्पांना अटॅक. थ्री फेजची लाईट रात्रीची होती, पाणी भरायला गेले आणि बांधावर बसले ते उठेनात. भाऊ बाहेरगावी. आमच्याकडे चारचाकी नाही, काकांकडे आहे. सालदारदादा धावत काकांकडे गेले, आणि काका म्हणे बनियनवरच गाडीत बसले. जळगावला पहिल्या दवाखान्यात सांगितलं योजना इथे चालत नाही आधी डिपॉझिट भरा, मग दुसरीकडे नेलं, तिथे महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी झाली. काका तिथे बाकावर झोपले, आप्पा घरी येईपर्यंत. चोपडीत "भाऊस डिझेल" (म्हणजे काकांना) म्हणून एक रक्कम आहे, आणि पुढे लिहिलंय, घेतले नाही.

लग्न नीट पार पडलं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, जिलेबी, चारशे माणूस धरलं होतं किती आलं कोण मोजतं.

टोटल लागली. तोटा आहे, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. तुमचं सांगा.

भरीत_भाकरी | ४ मे, रात्री ११.०५

"चोपडीत खर्च लिहितात" 😂 आमचे नाना सेम. माझ्या जन्माच्या दिवशी त्यांच्या वहीत "ढेप २ पोते" एवढंच आहे.

बाकी सालदार ठेवणाऱ्याच्या घरी लाडकी बहीण कशी काय ओ?

तापीकाठची_लेक | ४ मे, रात्री ११.२०

@भरीत_भाकरी वादळानंतर आमचं उत्पन्न बघायला ये एकदा, मग विचार. आणि विचारायचंच असेल तर आईला विचार, मी नंबर देते, जबाबदारी तुझी.

मास्तर_शिरपूर | ५ मे, सकाळी ७.१०

छान लिहिलं आहे. फक्त एक दुरुस्ती. रोटाची मूठ पुरुषाच्या नावाची असते कारण रोट हा भाऊबंदकीचा आहे, कुळाचा आहे. म्हणून रोटाचा प्रसाद घरातलेच खातात, बाहेर देत नाहीत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाते म्हणून तिची मूठ घेत नाहीत. आजींच्या भावना समजल्या, पण प्रथा आपल्या जागी. उद्या कुणी म्हणेल जावयाची पण घ्या.

पारोळ्याचा_कापूसवाला | ५ मे, सकाळी ८.०२

मास्तर जाऊ द्या ना भो, रोट दळते कोण, भाजते कोण, देवी पण बाईच. मूठ तेवढी गड्याची. माझ्या घरी दोन पोरीच आहेत, मंग मी काय माझी एकट्याची सव्वा मूठ घेऊन बसू?

मास्तर_शिरपूर | ५ मे, सकाळी ८.१५

मी प्रथा सांगितली, मत नाही सांगितलं.

भरीत_भाकरी | ५ मे, सकाळी ८.१८

मास्तर मत पण सांगा.

पारोळ्याचा_कापूसवाला | ५ मे, दुपारी २.३०

मंडळी सकाळी लिहायचं राहिलं ते बरं झालं, आता लिहितो. आज १ वाजता बारावीचा निकाल लागला, मोठी पोरगी पास, सायन्सला ७८ टक्के! साइट उघडतच नव्हती, ती रडायच्या बेतात, शेवटी तिच्या मामाने भडगावहून बघून फोन केला. हे वर्षाच्या हिशोबात धरायचं ना ताई? आखाजी होऊन गेली म्हणून पुढच्या सालात टाकू नका, यंदाचं वर्ष तसंच कोरडं जाईल.

आमचं कापसाचं. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला ७,५२१ जाहीर होता, पण सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण भाव, त्याच्या वर कापत जातात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. दिवाळीला कापूस ओला असतो आणि पैसा दिवाळीलाच लागतो, हे ज्याने नियम केला त्याला कोण सांगेल. मी पहिली वेचणी गावातच खेडा खरेदीवाल्याला दिली, सात हजाराच्या बरीच आत. कापूस पत्र्यावर वाळवून नंतरचा सेंटरवर नेला, तिथे ट्रॅक्टरच्या लाईनीत रात्र काढली, पण भाव मिळाला. आता बायको म्हणते पहिला पण ठेवला असता तर. ठेवला असता तर दिवाळीला पोरींचे कपडे कशातून आणले असते हे ती सांगत नाही.

आणि आई कुंभाला जाऊन आली. भजनी मंडळाच्या बायकांबरोबर, भुसावळहून रेल्वेने. २९ जानेवारीला टीव्हीवर चेंगराचेंगरीची बातमी आली तेव्हा ती तिकडेच होती, फोन लागेना, मी आणि धाकटा भाऊ भुसावळ स्टेशनावर जाऊन बसलो उगाच, तिथे बसून काय होणार होतं पण घरी बसवेना. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन, म्हणे गंगेचं पाणी किती बाटल्या आणू. काबर फोन लागला नाही तर म्हणे बंद ठेवेल होता, बॅटरी उतरते.

तापीकाठची_लेक | ५ मे, दुपारी ३.१०

@कापूसवाला अभिनंदन!! पेढे लिहून ठेवा चोपडीत. निकाल यंदाच्याच सालात धरला, मी परवानगी दिली 😄 पुढे काय करतेय ती?

पारोळ्याचा_कापूसवाला | ५ मे, दुपारी ३.४०

ती म्हणते नर्सिंग. माझं म्हणणं बीएस्सी ॲग्री. आजी म्हणते लग्न. बघू, पहिल्या दोघांतलंच काहीतरी होईल.

उधना_सुरत | ५ मे, रात्री ९.५५

राम राम ताई. काय चालनं सगळास्नं? मी मूळ शिंदखेडा तालुक्यातला, लहानपणापासून सुरतेत, लूमच्या खात्यात म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात. धागा दोनदा वाचला, लिहू की नको करत होतो.

आमचं वर्ष म्हणजे, दसऱ्याच्या आधी स्वतःची रूम घेतली. भाड्याच्या खोलीत लग्न झालं पोरं झाली, आता स्वतःची, एकच खोली आणि किचन पण दारावर बापूंचं नाव लावलं. बापू वास्तूला आले, भिंतीला हात लावून बघितला, नळ सोडून बघितला, बायकोला म्हणाले पाणी चोवीस तास येतं का. गावी परत गेले आणि दिवाळी झाल्यावर गेलेच. झोपेत.

म्हणून यंदा आखाजीला त्यांची पहिली घागर, गेलेल्या माणसाच्या नावाने भरतात ती. बायको म्हणे रूम त्यांच्या नावाची तर घागर इथेच भरू. खात्यात सुट्टी पण मिळत नव्हती, धंदा मंदा आहे, जो सुट्टी मागेल त्याला शेठ म्हणतो मग येऊच नको. पण आईने सांगितलं घागर गावालाच भरायची, त्यांना सुरतचा पत्ता सापडायचा नाही. गेलो. ताप्ती लाईनच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आखाजीला अर्धी सुरत खान्देशात उतरते. बापूंची सवय होती, नंदुरबार आलं की चपला घालून पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. उतरायचं शिंदखेड्याला, मध्ये दोंडाईचा अजून यायचंय, पण नाही, चपला घालून बसायचे. मी यावेळी नंदुरबारला उठून चपला घातल्या, पोरगा म्हणे पप्पा अजून टाइम आहे.

नवी घागर आणली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, आंबा, सांजोरी. आगारी (अग्नीत घास) टाकली. कावळा लगेच आला हो ताई, खोटं नाही सांगत.

तापीकाठची_लेक | ५ मे, रात्री १०.२०

दादा, वाचून आईला पण वाचून दाखवलं. ती विचारतेय तुमच्या आई आता कुठे असतात, गावी एकट्या की तुमच्याकडे?

उधना_सुरत | ५ मे, रात्री १०.३१

गावीच. म्हणते म्हैस कोणाच्या भरवशावर सोडू. म्हैस विकली की येईन म्हणते. म्हैस विकायचं नाव काढलं की भांडते.

पुणेकर_खान्देशी | ६ मे, रात्री १२.४५

आमचं थोडक्यात. सप्टेंबरात जॉब गेला, टीमच बंद केली, कंपनीचं नाव लिहीत नाही. घरी सांगितलं नाही, फैजपूरला फोन केला की सगळं मजेत. जानेवारीत नवीन लागला तेव्हा दोन्ही बातम्या एकत्र सांगितल्या, पप्पा म्हणे आम्हाला माहीत होतं, तू दिवसा फोन उचलायला लागला होतास.

त्याच महिन्यात इकडे पुण्यात जीबीएसचं (गुलेन बॅरे आजाराचं) सुरू झालं, आम्ही सिंहगड रोडलाच, पेपरात रोज आमच्याच भागाची नावं. आई रोज फोन करून पाणी उकळलं का विचारायची आणि शेवटी स्वतःच आली, कळण्याचं पीठ, बिबडे, उडदाची डाळ आणि पाणी उकळायला एक भलंमोठं पितळी पातेलं घेऊन. पुण्यात पातेली मिळत नाहीत असा तिचा समज. ती होती तेवढे दिवस घरात रोज कळण्याची भाकरी आणि ठेचा, माझी बायको कोल्हापूरची, तिला आता शेवभाजी तिखट लागत नाही, हीच या वर्षाची मोठी कमाई.

मास्तर_शिरपूर | ६ मे, सकाळी ७.०५

सगळ्यांचं वाचलं. काल विचारलं होतं म्हणून सांगतो. माझ्या नातीच्या नावाची मूठ आमच्याकडे तिची आजी गेली काही वर्षं घेते. मला उशिरा कळलं. मी काही म्हटलं नाही.

भरीत_भाकरी | ६ मे, सकाळी ७.२०

मास्तर!!! 🙏

पारोळ्याचा_कापूसवाला | ६ मे, सकाळी ९.३०

ताई दोन गोष्टी राहिल्या. पाइपलाइनचं काय झालं, काका-आप्पा बोलतात का आता? आणि तुमच्या सालदाराचं साल कितीला ठरलं, आमच्याकडे लाखाच्या खाली कोणी बोलायलाच तयार नाही, वर मोटारसायकलला पेट्रोल मागतात.

तापीकाठची_लेक | ६ मे, दुपारी १.१५

बोलतात म्हणजे भांडतात, तेवढी सुधारणा आहे. आखाजीच्या संध्याकाळी पारावर पत्त्यांचा डाव बसला (गावोगावी बसतो, पोलिसांना पण माहीत असतं), त्यात दोघं एकाच डावात, आणि पत्ते वाटता वाटता परत व्हॉल्व्हवर आले. व्हॉल्व्ह काकांच्या बांधावर म्हणून चावी त्यांच्याकडे, आप्पा म्हणतात पाइप माझ्या पैशाचा. आईने सांगितलं डॉक्टरने चिडायला मनाई केलीय, तर काका म्हणे वहिनी तो चिडत नाहीये, हरतोय.

सालदारदादांनी यंदा साल धरलं नाही. मुलगा पुण्याकडे कंपनीत लागलाय, तो म्हणतो आता बस झालं. हिशोबात त्यांच्याकडे थोडी उचल निघत होती, आप्पांनी ती सोडली, कपडे केले, आणि वहिनीने पोरीला त्यांच्या पाया पडवलं. ते गेल्यावर आप्पा बराच वेळ गोठ्यातच होते.

तेव्हा नवीन माणूस शोधतोय. भाऊ एकटाच आहे, आणि आप्पांना आता रात्री पाण्याला पाठवत नाही. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा, नवरा-बायको दोघं असले तर बरं, मळ्यात पक्की खोली आहे, लाईट-पाणी आहे, गाईचं दूध घरचं. साल बोलून ठरवू, आणि पेट्रोलचं पण बघू.